हातचा एक

बाहेर उणे एकोणतीस. तळ्यावरचा बर्फ
रात्रभर बंदुकीसारखा वाजत राहतो.
खाली तळघरात, दोन दारांपलीकडे, बावीस अंश.
काल बावीस होते, जुलैतही बावीस.
तिथे आमचं हायड्रोजनचं घड्याळ राहतं.
काटे नाहीत, तबकडी नाही,
एक करडं कपाट, आत एकात एक पाच डबे,
आणि सगळ्यात आत, काचेच्या फुग्यात,
अणूंनी धरलेला एकच सूर.

त्याला बाधते ती ऊब.
खोली एका अंशाने चढली
की पंधराव्या दशांश स्थळी सूर ढळतो.
तीन कोटी वर्षांत एक सेकंद.
कुणाची गाडी यामुळे चुकत नाही.
पण मला पगार मिळतो तो पंधराव्या स्थळाचाच.

नोव्हेंबरात रेघेला कुबड आलं.
रोज पहाटे पाचच्या सुमारास, नखाएवढं.
शनिवारची रात्र तेवढी सपाट.
मी पंखे तपासले, नळ्या तपासल्या,
हेलसिंकीच्या घड्याळाशी पुन्हा ताडून पाहिलं,
दाराचं रबर बदललं.
पहाटे चारला उठून, पापण्यांवर हिम घेऊन आले:
कुलूप, अंधार, बावीस अंश.

ओस्मो कार्नाला विचारलं.
एकतीस वर्षं तो या खोलीची राखण करतोय.
"यंत्रंही थकतात," म्हणाला,
आणि कॉफीत साखरेचा तिसरा खडा टाकला.
आधी दोन टाकायचा.

मग एका दुपारी, ब्लूबेरीचं सूप गरम होण्याची वाट बघताना,
भांड्याला हात लावला: कड पोळली, मध्य गार.
ऊब लगेच आत पोचत नाही.
पहिला डबा तास घेतो, दुसरा त्याहून जास्त,
प्रत्येक भिंत आधी स्वतः तापते, मगच पुढे देते.
पहाटेचं कुबड मध्यरात्रीचं होतं.
इर्या सप्टेंबरात गेली.
तेव्हा ओस्मो रडला नव्हता, सगळ्यांनी बोलून दाखवलं होतं.

बारा वाजता बाहेरच्या दाराशी त्याचे नमद्याचे बूट होते,
शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून.
काचेतून पाहिलं:
स्टुलावर, मोज्यांत, हात गुडघ्यांवर,
दवाखान्यात खाटेशेजारी बसतात तसा.
बोलत नव्हता. वाचत नव्हता.
बसलेला माणूस म्हणजे शंभर वॉटचा जुना दिवा,
फक्त उजेड न देणारा.

मी परत वर आले. पायऱ्या मोजल्या, का ते माहीत नाही. बावीसच निघाल्या.

आठवडाभराने त्यानेच विषय काढला, माझ्याकडे न बघता,
बर्फ खरवडता खरवडता.
"घरात प्रत्येक खोली वेगळी गार आहे," म्हणाला.
"स्वयंपाकघर तर सगळ्यात."
मी शनिवारचं विचारलं.
"शनिवारी भावाकडे सौना."
पुन्हा फावडं.

नियम असा: विनाकारण कुणी आत थांबायचं नाही.
वहीत कारण लिहावं लागतं,
आणि मला खोटं लिहिता येत नाही, अक्षर बिघडतं.
म्हणून गणित मांडलं.
वजन अठ्ठ्याहत्तर किलो, लोकरी स्वेटर, दोन तास,
पाच डब्यांचा उशीर धरून.
दुरुस्तीच्या रकान्यात एक नवं अक्षर घातलं, 'क',
आणि रोजच्या आकड्यातून तेवढं वजा करते.
रेघ पुन्हा सपाट. हिशेब जुळतो.
शाळेत बाई म्हणायच्या, हातचा विसरू नका.
हा माझा हातचा एक:
बेरजेत दिसत नाही,
पण सोडला तर उत्तर चुकतं.

काल रात्री वारा सुटला. झोप येईना.
मीही खाली गेले, बूट त्याच्या बुटांजवळ काढले,
दुसरं स्टूल ओढलं. त्याने पाय थोडे आखडून घेतले, एवढंच.

आज पहाटे रेघ दुप्पट वर गेली.
वही अजून उघडलेली नाही.